आधी वर बघा: कॅटॅमरॅनची डोलकाठी उभी करणं आणि उलटलेली बोट सरळ करणं

किनाऱ्यावर पोचले की मी बोटीकडे बघत नाही, आधी वर बघते. ही सवय नाखवांनी लावली. आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातले हे नाखवा आता सत्तरीच्या पुढे आहेत. सगळी हयात मासेमारीच्या बोटीवर गेली, शिडाच्या कॅटॅमरॅनवर, म्हणजे दोन अरुंद धडं शेजारी जोडलेल्या बोटीवर, त्यांनी कधी पाय ठेवलेला नाही. पण धाकटा भाऊ आणि मी जुनी होबी १६ विकत घेऊन आलो त्या सकाळी ते आले, वाळूत आडवी ठेवलेली काठी पावलांनी मोजली आणि म्हणाले, "बाय, ही उभी केलीस की वरती कुठं जाईल, बघितलंस?"

आम्ही सावली बघून सुरूच्या बनाच्या कडेला जागा धरली होती. सुरूच्या शेंड्यांमागून वाडीतल्या पंपाकडे विजेची तार गेली होती. मला ती दिसलीच नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवते, विद्युतवाहक पदार्थांचा तक्ता दर वर्षी फळ्यावर लिहिते, आणि अॅल्युमिनियमची आठ मीटरची नळी तारेखाली उभी करायला निघाले होते. त्या दिवशी नाखवा आले नसते तर काय झालं असतं, हे मला अजून मोठ्याने बोलवत नाही.

हे लिहिते आहे ते तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी. तुमच्याकडे एक जुनी छोटी कॅटॅमरॅन आहे, घरची दोन-तीन माणसं आहेत, आणि शिकवणारा दर वेळी सोबत नसणार. आमचा अनुभव अलिबागजवळच्या सासवणे-किहीमच्या किनाऱ्यावरचा आणि होबी १६ चा आहे. ही बोट कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाने १९७० च्या सुमारास बाजारात आणली आणि जगभर एक लाखाहून जास्त विकली गेली. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलो. तुमची बोट दुसऱ्या बनावटीची असेल तर पिना आणि छिद्रं वेगळी असतील, पण क्रम बहुतेक हाच.

तार

रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची वाहिनी आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी लागते. होबी १६ ची काठी आठ मीटरहून थोडी जास्त, आणि ती बोटीवर उभी केली की टोक जमिनीपासून नऊ मीटरच्या जवळ जातं. म्हणजे तार अगदी नियमात असली तरी आपली काठी तिला सहज लागते. झोळ पडलेल्या तारेचं तर बोलायलाच नको.

अमेरिकेत अशा बोटींच्या काठ्या तारांना लागून माणसं गेली, तेव्हा कंपनीने १९८० च्या दशकात काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा करायला सुरुवात केली. आपल्याकडच्या जुन्या बोटीत तो असेलच असं नाही. असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. खालची काठी धातूची, तिला धरून ठेवणाऱ्या तारा धातूच्या, वर खाऱ्या पाण्याची ओल.

आमचा नियम असा: काठी उभी करायच्या जागेपासून वीस मीटरच्या आत कुठलीही तार नको. वीस मीटर म्हणजे माझी तीसेक पावलं, मी चालून मोजते. आणि तेवढ्याने भागत नाही. काठी उभी राहिली की बोट पाण्यापर्यंत ढकलत न्यायची असते, आणि त्या वाटेवर सगळ्यांचे डोळे चाकांकडे नाहीतर वाळूतल्या खड्ड्यांकडे असतात. म्हणून काठी आडवी असतानाच पाण्यापर्यंतची वाट एकदा चालायची, मान वर करून. काठी उभी असताना बोट रस्त्यावरून न्यायची नाही, शंभर पावलंसुद्धा नाही.

काठी तारेला लागलीच तर बोटीला, काठीला आणि त्यांना चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आजूबाजूच्या लोकांना लांब करा आणि वीज कार्यालयाला फोन करून आधी पुरवठा बंद करून घ्या. ओढून काढायला धावलेला माणूस दुसरा बळी ठरतो.

मेच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग जमून गडगडायला लागतं. गडगडाट ऐकू आला की त्या दिवशी काठीला हात लावायचा नाही.

वेळ आणि वारा

आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, हलका. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि तीनपर्यंत चांगला जोर धरतो. काठी उभी करायची ती सकाळीच. बोटीचं नाक समुद्राकडे असतं, त्यामुळे मतलई वारा मागून येतो आणि वर चढणाऱ्या काठीला पुढे लोटतो. पुढे जाऊन ती बाजूच्या तारांवर अडते. मागे तिला अडवणारं काहीच नसतं. तुमचा किनारा वेगळ्या दिशेला असेल तर बोट फिरवून घ्या. वारा आडवा नको, एवढं मात्र सगळीकडे लागू. आडव्या वाऱ्यात काठी कशी पडते ते पुढे सांगते.

काठी

माणसं तीन हवीत. दोघांत जमतं, पण मी दोघांत करत नाही.

बोट सपाट, घट्ट वाळूवर ठेवा. गाडीवर असेल तर चाकांना ओंडके किंवा दगड लावा. काठी बोटीवर आडवी ठेवायची. बूड पुढच्या आडव्या दांड्यावर, म्हणजे जिथे ती उभी राहणार त्या खाचेपाशी, आणि टोक मागे, बोटीच्या पलीकडे. शीड ज्या खोबणीत सरकतं ती बाजू खाली आली पाहिजे. उभी राहिल्यावर तीच मागे येते.

बुडाशी बिजागरीसारखा एक छोटा दुवा असतो, त्यात पिन घालायची. या पिनेमुळे बूड जागचं न सुटता काठी वर फिरते. मग दोन्ही बाजूंच्या तारा, ज्यांना श्राउड म्हणतात, त्या आपापल्या हलच्या, म्हणजे बोटीच्या दोन धडांपैकी त्या बाजूच्या धडाच्या, पट्टीला जोडायच्या. वरच्या छिद्रात घालायची की खालच्या, याचा आत्ता विचार नको, तार सैल राहील असं बघा. प्रत्येक पिनेला तिची गोल कडी लागली पाहिजे आणि कडीवर चिकटपट्टी. पिन घातली आणि कडी लावायची राहिली, तर पिन वाऱ्यात थरथरून निघून जाते. हे काम एकाने करायचं आणि तपासायचं दुसऱ्याने, कारण आपलंच काम तपासताना डोळा चुकतो.

पुढची तार, फोरस्टे, काठीच्या बाजूने मोकळी ठेवा. तिच्या टोकाला सातेक मीटरचा दोर बांधा आणि तो पुढच्या माणसाच्या हातात द्या. शीड चढवायचे दोर काठीलाच घट्ट बांधून टाका. लोंबते राहिले तर पायात येतात.

आता सगळ्यात महत्त्वाची पाहणी. दोन्ही श्राउड टोकापासून खालपर्यंत हाताने चाचपा. सैल तारेला कुठेतरी अडकायची खोडच असते: सुकाणूच्या कोपऱ्यात, हलच्या मागच्या काठाखाली, ट्रॅम्पोलिनच्या (दोन हलच्या मध्ये ताणलेल्या कापडाच्या) दोरीत. दुसऱ्या हंगामात आमची डावी तार सुकाणूच्या कानात अडकली होती. काठी अर्ध्यावर गेली, डावीकडे हिसका बसला, बुडाचा दुवा पिळला गेला आणि काठी उजवीकडे वाळूत आडवी पडली. काही सेकंदांपूर्वी माझी भाची तिथे मोबाईल धरून उभी होती. भावाने दाणकन खाली सोडली असती तरी चाललं असतं, पण त्याने धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि खांदा दुखावून घेतला. तेव्हापासून नियम आहे: काठी बाजूला जायला लागली की ओरडायचं, सोडायचं आणि विरुद्ध बाजूला पळायचं. काठी विकत मिळते.

ती बाजूला का पडते हे समजून घेतलं तर अंदाज बरोबर येतो. श्राउड काठीच्या बुडापेक्षा थोड्या मागे जोडलेल्या असतात. काठी मागे आडवी असताना त्या सैल असतात आणि काठी जवळजवळ सरळ होईपर्यंत सैलच राहतात. म्हणजे वर जाण्याच्या सगळ्या वाटेवर काठीला बाजूने धरणारं उचलणाऱ्या माणसाशिवाय कोणी नाही. काठी उभी दिसायला लागली की मन सैल होतं, पण पुढची तार लागेपर्यंत ती फक्त माणसाच्या हातावर उभी असते.

उचलण्याचं गणित माझ्या नववीच्या मुलांनी एकदा फळ्यावर करून दाखवलं. काठीचं वजन वीस किलो धरा, लांबी आठ मीटर, बूड बिजागरीवर. टोकाशी उचललं तर हातावर दहा किलो येतात. बुडापासून दोन मीटरवर उचललं तर चाळीस. म्हणून पहिला माणूस टोकाशी उभा राहतो, काठी डोक्यावर घेतो आणि हातांखालून ती सरकवत बोटीकडे चालत येतो. दुसरा माणूस ट्रॅम्पोलिनवर, काठीकडे तोंड करून, पाय फाकवून उभा. पहिला बोटीच्या मागच्या काठापाशी आला की दुसऱ्याने खांदा द्यायचा आणि छातीसमोरून हाताने हात बदलत पुढे सरकायचं. पुढच्या माणसाने सुरुवातीला दोर नुसता ताणात ठेवायचा. काठी खाली असताना दोर तिच्याशी जवळजवळ समांतर असतो, कितीही ओढला तरी ती उचलली जात नाही. काठी अर्ध्याच्या वर गेली की त्याची ओढ खरी कामाला येते, आणि मग त्याने हिसका न देता, एकसारखं ओढत राहायचं.

बोलायचं एकानेच. आमच्यात ट्रॅम्पोलिनवरचा बोलतो, कारण भार त्याच्या अंगावर असतो. कोळी लोक जाळं ओढताना हैसा म्हणतात तसा एक सूर धरला तर तिघांचा जोर एका वेळी लागतो. "थांब" या शब्दावर सगळे थांबतात, कोणीही म्हणो.

काठी सरळ झाली की ट्रॅम्पोलिनवरच्याने तिला मिठी मारून धरायचं. पुढच्याने दोर ताणून फोरस्टे ब्रायडलला, म्हणजे दोन्ही नाकांकडून येऊन मध्ये मिळणाऱ्या तारांना, आणायची, पिन घालायची, कडी लावायची आणि मोठ्याने "लागली" म्हणायचं. मिठी सोडायची ती त्यानंतर. मग पुढच्या शिडाच्या दोराने काठी पुढे ताणून धरायची आणि श्राउडचं छिद्र बदलून ताण नीट करायचा. होबी १६ वर चालताना खरा ताण पुढचं शीड आणि त्याचा दोर घेतात, फोरस्टे थोडी सैल दिसली तर घाबरू नका.

शेवटी बुडाची बिजागरीची पिन काढून घ्या. या बोटीची काठी शिडाबरोबर डावी-उजवी फिरायला हवी, पिन राहिली तर दुवा तुटतो. काढलेली पिन आम्ही लाल दोरीत ओवून गाडीच्या किल्लीला बांधतो, म्हणजे संध्याकाळी शोधायला लागत नाही.

पाण्यात जाण्याआधी

प्रत्येक हलच्या मागच्या टोकाला पाणी काढायचं बूच असतं. ते घट्ट आहे का, हाताने फिरवून बघा. एका रविवारी आमचं डावं बूच सैल राहिलं आणि अर्ध्या तासात त्या हलमध्ये इतकं पाणी शिरलं की बोट उलटल्यावर आम्ही चौथ्या प्रयत्नातही ती उठवू शकलो नाही. शेवटी एका मासेमारी होडीने ओढून आणलं.

प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट, फुगवायचं नव्हे तर फोमचं, कंबरेला बांधलेलं. शिट्टी. दोर कापायला बोथट टोकाची सुरी, हाताला येईल अशी. पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर. किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जायचं, किती वाजता परत येणार.

पंचांगही बघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आमच्याकडे भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. म्हणजे खारा वारा जोर धरतो तेव्हाच ओहोटी सुरू झालेली असते, आणि साडेतीन-चार मीटर पाणी सहा तासांत बाहेर जातं. उलटलेली बोट त्याबरोबर बाहेर वाहत जाते. अष्टमीच्या भांगाला उलट: दुपारी ओहोटी संपून पाणी आत यायला लागतं आणि फरकही कमी असतो. उलटून-उठवून सराव करायचा तो भांगाच्या दिवशी, मदतीची बोट शेजारी ठेवून. पहिल्यांदा उलटण्याचा प्रसंग मुद्दाम आणलेलाच बरा.

उलटल्यावर

होबी १६ बहुतेक वेळा दोन प्रकारे उलटते. एक, बाजूला: वरचं हल उचलत जातं आणि शीट, म्हणजे शीड आवळायचा दोर, वेळेवर सुटत नाही. दुसरी, नाकावर: वारा मागून असताना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं बारीक नाक लाटेत घुसतं आणि बोट त्यावरून कोलांटी खाते. दोन्हीत माणसं ट्रॅपीझच्या, म्हणजे बोटीबाहेर रेलण्यासाठी कमरेच्या आकड्यात अडकवायच्या, तारेला अडकलेली असू शकतात. म्हणून पहिलं काम म्हणजे आकडा सोडवणं, दुसरं म्हणजे नावाने हाका मारणं. हाकेला उत्तर आल्याशिवाय पुढचं काही नाही. उत्तर आलं नाही तर शिडाखाली आणि ट्रॅम्पोलिनखाली हात घालून शोधायचं. शिडाखाली अडकलेल्याने एक हात वर करून कापड उचलायचं, तिथे श्वासापुरती हवा मिळते, आणि शिवणीच्या एकाच रेषेने सरकत काठापर्यंत यायचं.

बोट सोडून पोहत निघायचं नाही. किनारा दिसतो तेवढा जवळ नसतो. पाण्यातलं डोकं ना फेरीबोटीला दिसतं, ना गाड्या वाहणाऱ्या रो-रो बोटीच्या कप्तानाला. दोन पांढरी हल लांबून दिसतात.

बोट आडवी आहे तोवर काम सोपं आहे. ती पूर्ण उलटी होऊन काठी सरळ खाली गेली की अवघड होतं. म्हणून काठीवर, बूमवर (शिडाच्या खालच्या दांड्यावर) आणि शिडावर कोणी लोंबकळायचं नाही. नवशिक्याचा हात आपसूक तिथे जातो. आमच्या काठीच्या टोकाला आम्ही एक छोटा पिवळा फुगा लावला आहे. दिसायला तो चांगला नाही, पण बोट पालथी होऊ देत नाही. आमच्यासारख्या उथळ, गाळाच्या पाण्यात तो मला सुकाणूइतकाच गरजेचा वाटतो.

आता दोन्ही शिडांचे शीट खाचांतून सोडवा. हे विसरलं तर बोट उठते, वारा भरते आणि तुम्हाला पाण्यात ठेवून निघून जाते, किंवा पुन्हा दुसऱ्या बाजूला पडते.

मग नाक वाऱ्याकडे आणायचं. हलक्या माणसाने खालच्या हलच्या नाकाशी जाऊन पाण्यात लोंबायचं, हात नाकाला घट्ट. त्याचं अंग नांगरासारखं ओढ देतं, बोटीचा मागचा भाग वाऱ्याने फिरतो आणि नाक हळूहळू वाऱ्यात येतं. दोन-चार मिनिटं लागतात. या मिनिटांत घाई करावीशी वाटते, पण इथेच सगळं ठरतं. काठीचं टोक वाऱ्याच्या खालच्या बाजूला असेल तर वारा ट्रॅम्पोलिनला ढकलत बोट शिडावर लोटतो, आणि पुढचं पाऊल म्हणजे पालथी बोट. टोक थेट वाऱ्याच्या तोंडावर असेल तर शीड उचलताच वारा खाली शिरतो, बोट झपकन उठते आणि पलीकडे जाते. नाक वाऱ्यात आणि टोक किंचित वाऱ्याच्या बाजूला, असं जमलं की वारा शिडाखाली हात घालून अर्धं काम करतो.

राइटिंग लाइन म्हणजे बोट उठवायचा जाड, गाठी मारलेला दोर. तो काठीच्या बुडाशी पक्का असतो आणि ट्रॅम्पोलिनखाली खोचलेला असतो. तो वरच्या हलवरून आपल्या बाजूला टाकायचा. मग दोघांनी खालच्या हलवर, पुढच्या दांड्याच्या जवळ उभं राहायचं. दोर धरून मागे रेलायचं. गुडघे सरळ, हात सरळ, कंबर पाण्याला लागेल इतकं खाली. हार्नेस (आकड्याचा कमरपट्टा) असेल तर दोराची गाठ आकड्यात अडकवा, हातांचा भार वाचतो, फक्त बोट उठताना तो आकडा सोडवता आला पाहिजे. दंडाने ओढून काही होत नाही. आपलं वजन बोटीपासून जितकं लांब, तितका परिणाम.

आणि मग थांबायचं. शिडावर पाणी साचलेलं असतं, ते निथळायला वेळ लागतो. पहिली वीस-तीस सेकंद काहीच घडत नाहीसं वाटतं. भाची पहिल्या सरावात इथेच "होत नाही" म्हणून दोर सोडायची. काठीचं टोक हातभर वर आलेलं दिसेपर्यंत धरायचं. तिथून पुढे वेग वाढत जातो.

शेवटचे दोन सेकंद धोक्याचे. वरचं हल तुमच्या डोक्यावरून येऊन पलीकडे पाण्यात आदळतं. तुम्ही दोन हलच्या मध्ये असायला हवं, हलच्या खाली नव्हे. दोर सोडून पुढच्या दांड्याला खालून धरायचं, डोकं छातीकडे, आणि बोटीबरोबर पाण्यात उतरायचं. दांडा हातात राहिला की दोन कामं होतात: बोट दुसऱ्या बाजूला कलंडत नाही आणि आपल्याशिवाय चालूही लागत नाही. दुसऱ्याने मागून चढायचं, सुकाणू सरळ करायचं, मग पहिल्याला वर घ्यायचं.

वजन कमी पडलं तर

होबी १६ उठवायला दोघांचं मिळून साधारण १३५ किलो वजन लागतं. मी ५६, भाऊ ८२, आमचं जमतं. भाची ५१ किलोची आहे. आम्ही दोघी मिळून १०७, आणि साध्या दोराने बोट उठत नाही, वारा मदतीला असला तरच कधीतरी.

यावर पाण्याची पिशवी हा उपाय आहे. जाड प्लॅस्टिक-कापडाची, खांद्यावर अडकवायची, तीसेक लिटरची पिशवी पाण्यात बुडवून भरायची आणि दोराला किंवा पाठीला लावून मागे रेलायचं. तीस लिटर म्हणजे तीस किलो. पण हे वजन पिशवी पाण्याबाहेर असेल तेव्हाच मोजायचं, पाण्यात बुडलेली पिशवी काही ओढत नाही. म्हणून ती उंच, खांद्याजवळ लावायची. दोघी बायका उतरणार असाल किंवा बारकी मुलं बरोबर असतील, तर किनाऱ्याजवळ, हलक्या वाऱ्यात, पिशवीसकट आधी एकदा उठवून बघा. तिथे जमलं नाही तर त्या दोघींनी त्या बोटीवरून एकट्याने लांब जायचं नाही. हे आम्ही घरात ठरवलं तेव्हा भाची रुसली होती, पण मी बदललं नाही.

पालथी झाली किंवा गाळात रुतली तर

पालथ्या बोटीवर दोघांनीही एकाच हलवर, मागच्या टोकाकडे जायचं. मागचा भाग बुडतो, नाक उचलतं आणि पाण्याची पकड सुटते. मग पलीकडच्या हलवरून आलेला दोर ओढत राहायचं. काठी वर यायला पाचेक मिनिटंही लागतात.

मांडवा-रेवसच्या बाजूला ओहोटीला बराच भाग आठ मीटरपेक्षा उथळ असतो. म्हणजे पालथ्या बोटीची काठी गाळात घुसतेच. अशा वेळी आडवा जोर लावला की ती मोडते. रोवलेला खुंटा जसा आत गेला त्याच रेषेत मागे ओढला तरच धड निघतो. सगळ्यांनी बोटीवरून उतरून भार कमी करायचा, नाकाशी पोहत जाऊन बोट बुडाच्या दिशेने, टोकापासून लांब, हळूहळू ओढायची. निघत नसेल तर भरतीची वाट बघायची आणि मदत बोलवायची.

मदतीला मासेमारीची होडी आली तर आधी हात वर करून इंजिन बंद करायला सांगा. पाण्यात माणसं असताना पंखा फिरता कामा नये. ओढायचा दोर पुढच्या ब्रायडलला बांधायचा, काठीला कधीच नाही, आणि अगदी संथ. आमच्याकडच्या तांडेलांना एवढं सांगितलं की पुढचं ते आपल्यापेक्षा नीट करतात. ओढून आणल्याबद्दल डिझेलचे पैसे विचारून द्या.

बोट सरळ झाल्यावर लगेच निघू नका. माणसं मोजा. कोणाच्या डोक्याला लागलं आहे का, कोणी गप्प बसलं आहे का, ते बघा. मग श्राउडच्या पिना, फोरस्टेची पिन, सुकाणूच्या पिना. एक हल दुसऱ्यापेक्षा खाली बसत असेल तर आत पाणी आहे, सरळ किनाऱ्याला चला.

उतरवताना

जून लागायच्या आत आम्ही काठी उतरवून बोट झाकून ठेवतो. क्रम तोच, उलटा. शिडं काढा, वर बघा, वाट बघा, वाऱ्याची दिशा बघा. उतरवताना लोक एक गोष्ट विसरतात: फोरस्टे सोडायच्या आधी बुडाची बिजागरीची पिन परत घालायची. दिवसभर दमून आल्यावर हात थेट पुढच्या पिनेकडे जातो. ती पिन घातलेली नसेल आणि फोरस्टे सुटली, तर बूड खाचेतून निसटतं आणि वीस किलोची काठी ट्रॅम्पोलिनवरच्या माणसाच्या अंगावर येते. म्हणून आमच्याकडे गाडीच्या किल्लीची ती लाल दोरी आधी मोकळी होते, पिन बुडात जाते, भाची तिला हात लावून "आहे" म्हणते, आणि मग भाऊ पुढच्या पिनेची कडी काढतो.